रॉटरडॅममध्ये तबल्यासाठी घर शोधताना

कोडार्ट्समध्ये, म्हणजे हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या संगीत विद्यालयात, प्रवेश मिळाल्याची मेल आली तेव्हा घरच्यांचा पहिला प्रश्न होता, जेवणाचं काय? दुसरा, थंडीचं काय? राहणार कुठे हे तिसऱ्या नंबरला आलं. वाजवणार कुठे, हे कुणीच विचारलं नाही. मलाही सुचलं नाही.

ही २०२२ सालची गोष्ट. त्यानंतर दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईकडून, कधी गोव्याकडून दोन-तीन मुलांचे फोन येतात. "दादा, रॉटरडॅमला कुठला एरिया चांगला?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो. मी तबलजी आहे, त्यामुळे हे सगळं तबल्याच्या बाजूने येणार. बासरी किंवा गाणं शिकायला जाणाऱ्यांनी आवाजाच्या तक्रारी निम्म्या कराव्यात. जिन्याच्या तक्रारी मात्र तेवढ्याच ठेवाव्यात.

रॉटरडॅमच का, हे थोडक्यात. इथल्या संगीत विद्यालयात हिंदुस्थानी संगीत हा पूर्ण पदवीचा विषय आहे. पंडित हरिप्रसाद चौरसिया अनेक वर्षं या विभागाचे कलात्मक प्रमुख होते. इमारत क्रॉइसप्लाइनला, मुख्य स्टेशनपासून चालत पाच मिनिटं, शेजारीच दे डूलन हे मोठं सभागृह. म्हणून येणारा प्रत्येक जण नकाशावर तिथे टाचणी टोचतो आणि तिच्याभोवती घर शोधायला लागतो. मीही तेच केलं.

ऑगस्टमध्ये अख्ख्या हॉलंडचे विद्यार्थी घर शोधत असतात. खोल्या कमी, माणसं जास्त. जाहिरातीत कधीकधी सरळ लिहिलेलं असतं की परदेशी विद्यार्थी नकोत. वाईट वाटून घेऊ नका, पुढची जाहिरात बघा. एकत्र राहणाऱ्या मुलांच्या घरात खोली रिकामी झाली की ते 'हॉस्पिटेर' संध्याकाळ ठेवतात. म्हणजे डच कांदेपोहे, फक्त पोहे मिळत नाहीत. एका सोफ्यावर दहा-बारा उमेदवार बसतात आणि घरातले चौघे प्रश्न विचारतात: स्वयंपाक येतो का, पार्ट्या चालतात का, भांडी कधी घासतोस. दोन ठिकाणी मी अभिमानाने सांगितलं की मी रोज तीन तास तबला वाजवतो. दोन्हीकडून नकार आला. तिसऱ्या ठिकाणी म्हणालो, "संगीत शिकतो." कुणी पुढे विचारलं नाही, मी सांगितलं नाही. खोली मिळाली.

ही माझी चूक होती, आणि ती भोवायला तीन दिवस लागले.

घर आउड नोर्डन भागात होतं. जुना, गजबजलेला, चांगला भाग. दुसरा मजला, शिडीसारखा उभा जिना, भाडं ५९० युरो. चौथ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली. खाली राहणाऱ्या आजी, सत्तरीच्या पुढच्या. मला वाटलं आता भांडण होणार. पण त्या म्हणाल्या, "तू काय करतोस ते मला माहीत नाही. खाली येऊन एकदा ऐक."

वर्गातला एक मित्र माझ्याकडे आला होता. तो वर कायदा, म्हणजे तबल्याची एक ठरलेली रचना, वाजवत बसला आणि मी खाली आजींच्या खुर्चीत बसलो. वर 'तिरकिट' होतं, 'ना' होता, 'तूना' होता, हे मला माहीत होतं. खाली त्यातलं काहीच येत नव्हतं. येत होता फक्त डग्गा, म्हणजे जोडीतला डावा, खर्जाचा, तोही डग्ग्यासारखा नाही. कुणीतरी जड कपाट ओढतंय, थांबतंय, पुन्हा ओढतंय, असा. 'घे'वर मनगट घासून मींड काढली की त्यांच्या काचेच्या कपाटातले कप किणकिणायचे. माझा तीन तासांचा रियाज त्या बाईंना तीन तास फर्निचर हलवल्यासारखा ऐकू येत होता. लयीत हलवत होतो, एवढंच.

मी आधी गुंडाळी गालिचा आणला, मग भिंतीला चिकटवायचा फोम. पन्नासेक युरो पाण्यात. भिंतीवरच्या फोमने खोलीतला घुमारा कमी होतो, शेजाऱ्याकडे जाणारा खर्ज नाही. डग्ग्याचा खर्ज जमिनीतून आणि तुळयांतून उतरतो. थोडा फरक पडला तो वाद्य जमिनीपासून तोडल्यावर. रबराचे जाड तुकडे, त्यावर प्लायवूडची फळी, त्यावर आईने दिलेली गोधडी चौघडी करून, आणि मग चुंबळ. कप किणकिणायचे थांबले, कपाट ओढणं चालूच राहिलं. शेवटी उपाय निघाला तो वेळापत्रकाचा. मंगळवारी आणि शनिवारी बिनेनरोट्टला मोठा बाजार भरतो. आजी सकाळी पिशवी घेऊन निघायच्या त्या दुपारीच परतायच्या. त्या वेळात मला हवं ते वाजवायची मुभा होती. दाराबाहेर पडताना त्या खालून जिन्याचा कठडा दोनदा वाजवायच्या. आठवड्याला दोन सकाळी हक्काच्या झाल्या.

शहराचा नकाशा तबल्याच्या नजरेने कसा बघायचा हे मला तेव्हा कळलं. १४ मे १९४० रोजी जर्मन बॉम्बहल्ल्यात रॉटरडॅमचं मधलं शहर जळून गेलं. आग जिथपर्यंत पोचली त्या रेषेला 'ब्रांडग्रेन्स' म्हणतात आणि ती दाखवणारे दिवे आजही फरसबंदीत बसवलेले दिसतात. पर्यटक त्यांचे फोटो काढतात. घर शोधणाऱ्या वादकाने ते वेगळ्या कारणासाठी बघावेत. रेषेच्या आत जवळजवळ सगळं युद्धानंतरचं बांधकाम आहे, बरंचसं काँक्रीटचं. रेषेबाहेर आउड नोर्डन, मिडललांड, निउवे वेस्टन अशा भागांत युद्धापूर्वीची घरं आहेत. दिसायला सुंदर, उंच छत, मोठ्या खिडक्या, आणि दोन मजल्यांच्या मध्ये बहुतेक ठिकाणी लाकडी तुळया नि फळ्या. अशा जमिनीवर डग्गा वाजवणं म्हणजे खालच्याच्या छतावर डग्गा वाजवणं. काँक्रीटही काही निर्दोष नाही. त्यावर ठोकलेलं चार घरं पलीकडे ऐकू जातं. पण फळीवर गोधडी टाकून बसलेल्या तबल्याला ते पुष्कळ सोसतं.

म्हणून दुसरं घर शोधताना मी फोटोतली खिडकी बघितली नाही. तळमजला आहे का, खाली कोण आहे, वर कोण आहे, जिना कुठल्या भिंतीला लागून आहे, जमीन कशाची आहे, हे विचारलं. मिळालं ते स्खिडामला, रॉटरडॅमच्या पश्चिमेला लागून असलेल्या गावात. तळमजला, काँक्रीट, एका बाजूला जिना. ट्रेनने मुख्य स्टेशनला पाच मिनिटं. क्रॉइसप्लाइनच्या टाचणीपासून लांब, पण घरी रियाज झाला तर विद्यालयातल्या सरावाच्या खोलीसाठी रांग लावावी लागत नाही, आणि वाचलेला वेळ ट्रेनच्या पाच मिनिटांपेक्षा कितीतरी जास्त असतो. ह्या वेळी घरमालकाला आधीच सांगितलं, तबला काढून दाखवला, दोन मिनिटं वाजवूनही दाखवला. तो म्हणाला, "रात्री नऊनंतर नको." करारात तसं लिहून घेतलं. हा कागद पुढे दोनदा कामी आला.

तळमजला मिळालाच नाही तर भाड्याची सरावाची खोली हा पर्याय आहे. ड्रम वाजवणारी मुलं चौघांत मिळून अशी खोली महिन्याने घेतात. माझ्या वाट्याला साठ युरो यायचे. त्यात सकाळची वेळ मागा, रॉकवाल्यांना सकाळ नकोच असते.

आता पैशाचं. घराची जागा आणि कमाई यांचा संबंध मला उशिरा लक्षात आला. इथे तबलजीला काम कोण देतं? दे डूलनच्या रंगमंचावर पहिल्या वर्षी कुणी बोलवत नाही. बोलावतात ते हेगचे हिंदुस्तानी लोक. हे मूळचे बिहार-उत्तर प्रदेशचे. त्यांचे पणजोबा मजूर म्हणून सुरिनामला गेले, 'लल्ला रूख' हे पहिलं जहाज १८७३ मध्ये तिथे लागलं, आणि १९७५ला सुरिनाम स्वतंत्र झालं त्या सुमारास हजारो कुटुंबं हॉलंडला आली. सर्वांत मोठी वस्ती हेगमध्ये. देवळं आहेत, लग्नं दणक्यात होतात, आणि त्यांचं स्वतःचं 'बैठक गाना' आहे: हार्मोनियम, ढोलक आणि धनताल, म्हणजे ठेक्यासाठी वाजवायची लोखंडी सळई. भजनाला नीट ठेका धरणारा तबलजी त्यांना हवाच असतो. पहिल्या कार्यक्रमाला मी विलंबित एकतालाच्या, म्हणजे अगदी संथ ठेक्याच्या, तयारीत गेलो होतो. गाणाऱ्या काकांनी दोन आवर्तनं ऐकून घेतली आणि हसत म्हणाले, "बेटा, लोग ताली बजाना चाहते हैं." लग्गी, म्हणजे चपळ, चटपटीत ठेका, लावली, माहोल जमला, पुढच्या रविवारचं आमंत्रण तिथेच मिळालं.

दुसरा आधार मराठी घरांचा. आयटीतली मंडळी आम्स्टलफेन, हेग, आइंडहोवन इकडे राहतात, मुलांना तबला-पेटी शिकवायची हौस दांडगी. पण शिकवण्या संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी. म्हणजे तुमचं विद्यालय रॉटरडॅमला, भजनं हेगला, शिकवण्या आम्स्टलफेनला. पाठीवर सात-आठ किलोची पिशवी. अशा माणसाने घर शहराच्या मध्यापासून किती लांब यापेक्षा रात्री साडेअकराला तिथे कसं पोचायचं हे बघावं. रॉटरडॅम, डेल्फ्ट, हेग, लायडन, स्खिपोल, आम्स्टरडॅम, उट्रेख्ट या पट्ट्यात रात्रभर तासातासाला गाडी असते. स्खिडामचा तोटा मला इथे कळला. रात्रीच्या गाडीने रॉटरडॅमला उतरायचं आणि पुढे पंचवीस मिनिटं सायकल, समोरून समुद्राचा वारा. आज पुन्हा निवडायचं झालं तर मी डेल्फ्टला स्टेशनजवळ तळमजला शोधेन. भाडं जास्त पडेल, पण मान आणि पाठ शाबूत राहील.

कागदपत्रांबद्दल एकच गोष्ट पक्की धरा. ज्या पत्त्यावर नगरपालिकेत नाव नोंदवता येत नाही ती खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. चार महिन्यांहून जास्त राहायला आलेल्या माणसाने पोचल्यावर पाच दिवसांत नोंदणी करायची असते. त्यातून नागरिक क्रमांक मिळतो, आणि पगारापासून विम्यापर्यंत सगळं त्या क्रमांकावर अडलेलं असतं. आपल्यासारख्यांना नोकरी आठवड्याला सोळा तास किंवा जून ते ऑगस्ट पूर्णवेळ करता येते, तीही मालकाने परवाना काढला तर. शिकवण्या आणि कार्यक्रम स्वतंत्र व्यवसाय म्हणून नोंदवून केले तर ही तासांची अट नाही. मात्र भाडेकरारात घरातून व्यवसाय करायला मनाई आहे का ते वाचून घ्या. माझ्या पहिल्या करारात होती.

अनामत रकमेचंही सांगतो. माझ्याकडून तीन महिन्यांचं भाडं मागितलं होतं, मी दिलं. जुलै २०२३ पासून कायद्याने दोन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त अनामत घेता येत नाही. आणि 'मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरियरने येईल' असं लिहिणारा प्रत्येक जण लुच्चा समजा. माझ्या एका मैत्रिणीचे बाराशे युरो असे गेले. फोटोतलं घर खरं होतं. त्यात राहणाऱ्या माणसाला ते भाड्याने दिल्याचा पत्ताच नव्हता.

हवेचं लोक फार विचारतात. पावसाने पुडी, म्हणजे तबल्याचं वरचं चामडं, उतरते हे आपल्याला कोकणामुळे ठाऊक आहे. खरा त्रास हिवाळ्यात, रेडिएटर सुरू झाल्यावर होतो. हवा कोरडी पडते, पुडी चढते, आणि एका रात्रीत तबला अर्धा स्वर वर गेलेला असतो. घर बघताना रेडिएटर कुठे आहे आणि वाद्य त्याच्यापासून लांब ठेवायला कोपरा उरतो का, एवढं बघा. दोन जास्तीच्या पुड्या भारतातूनच न्या. मिरजेचा तानपुरा नेणाऱ्यांनी घरमालकाला भाड्याआधी जिन्याची रुंदी विचारावी. आमच्यातल्या एकाचा तानपुरा शेवटी खिडकीतून दोर लावून वर घेतला. डच लोकांना त्यात काही विशेष वाटलं नाही, ते पियानोसुद्धा असेच चढवतात.

जर्मनीला जाणाऱ्यांना एक ऐकून ठेवण्यासारखं. आउग्सबुर्गच्या एका ट्रम्पेटवादकाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं की घरी वाजवण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. कामाच्या दिवशी दोन-तीन तास आणि रविवारी-सुट्टीला एक-दोन तास हा साधारण अंदाज धरावा. माझा तिथला मित्र ह्या निकालाची छापील प्रत तबल्याच्या पिशवीत ठेवतो. मी त्याला म्हटलं, त्यापेक्षा खालच्यांना एकदा चहाला बोलाव.

आता कुणी घर पक्कं करण्याआधी विचारलं की मी व्हिडिओ मागतो. खोलीचा नाही, जिन्याचा, जमिनीचा आणि खालच्या दाराचा. गेल्या वर्षी मिरजेच्या एका मुलीने पाठवला, तबल्याचीच विद्यार्थिनी. मिडललांडमधलं जुनं घर, पहिला मजला, लाकडी जमीन, शिडीसारखा जिना. मी नकोच लिहिणार होतो. शेवटच्या पाच सेकंदांत कॅमेरा खाली गेला. खाली बेकरी होती, दारावर पाटी: पहाटे सुरू, संध्याकाळी पाचला बंद. त्यानंतर सकाळपर्यंत खाली कुणी नाही.

मी लिहिलं, "घे."