आखातातून अचानक निघावं लागलं तर: पैसाअडका आणि कागदांची तयारी

२ ऑगस्ट १९९० ला पहाटे इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या, तेव्हा आम्ही सालमियात राहत होतो. घरात पगाराचे दिनार होते, दागिने बँकेच्या लॉकरमध्ये होते. आम्ही निघेपर्यंत ती शाखा उघडलीच नाही. ज्या दिनाराला तीन डॉलरहून जास्त मिळायचे, तो इराकने आपल्या दिनाराच्या बरोबरीला आणला आणि पुढे चलनातूनच काढून टाकला. आज माझी भाची तिकडेच नोकरीला आहे. तिला जे सांगते, तेच इथे लिहिते.

बचत तिथे साठू देऊ नका. दोन-तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा, बाकी दर महिन्याला भारतातल्या एनआरई खात्यात (परदेशी राहणाऱ्या भारतीयांच्या बँक खात्यात) पाठवा. त्यातली मुद्दल आणि व्याज दोन्ही पुन्हा परदेशी नेता येतात. पैसे बँकेतून किंवा अधिकृत मनी एक्स्चेंजमधूनच पाठवा आणि पावती जपा. हवाल्याने चार पैसे जास्त सुटतात खरे, पण त्याची चिठ्ठी कुठेच पुरावा म्हणून चालत नाही. खात्याला नॉमिनी आहे ना, ते या सुट्टीत गावी आल्यावर बघून घ्या.

सोन्याबद्दल आपल्या बायकांना फार भरवसा असतो, मलाही होता. सोनं उपयोगी पडतंच, पण साधं आणि सुटं हवं. प्लेन बांगडी कुठलाही सोनार वजनावर घेतो, जडावाच्या हाराचे मात्र अडल्या वेळी निम्मेसुद्धा येत नाहीत. शिवाय वर्षाहून जास्त परदेशी राहून परतताना बाईला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅमपर्यंतचे दागिनेच शुल्काशिवाय आणता येतात. बिस्किटं आणि नाणी यात धरत नाहीत. म्हणून जास्तीचं सोनं तिकडे घेऊच नका. आहे त्याची पावती ठेवा आणि प्रत्येक दागिना वजनकाट्यावर ठेवून फोटो काढा.

आता कागद, आणि इथे मी हट्टाने सांगेन. पासपोर्ट, व्हिसाचं पान, इकामा (राहण्याचा परवाना) किंवा सिव्हिल आयडी (तिथलं ओळखपत्र), नोकरीचा करार, पगाराचा दाखला, बँकेचं स्टेटमेंट, घरभाड्याची पावती, गाडीची मुलकिया (नोंदणीचं कार्ड), मुलांचे जन्मदाखले. पगाराचा दाखला दरवर्षी नवा मागून घ्या, कारण कंपनी बंद पडली की ग्रॅच्युइटी किती बाकी होती हे सांगायला कोणी उरत नाही. या सगळ्याचा एक संच गावी भावाकडे किंवा सासरी, दुसरा ईमेलमध्ये आणि अस्सल कागद दाराजवळच्या प्लास्टिकच्या पिशवीत. पासपोर्ट मालकाच्या ताब्यात असेल तर निदान त्याची प्रत हवीच. तिच्या आधारे दूतावासाला भारतात परतण्यापुरता आपत्कालीन दाखला देणं सोपं जातं.

रोख रक्कम डॉलरमध्ये आणि छोट्या नोटांत ठेवा. हे आम्ही चुकलो. मी परकराच्या नेफ्यात शंभराच्या सहा नोटा शिवून घेतल्या होत्या. बगदादहून जॉर्डनच्या सीमेकडे जाताना मुलांसाठी पाणी आणि खुबूस (तिकडची रोटी) घ्यायला गेलो, तर सुटे कोणाकडेच नव्हते. एक अख्खी नोट गेली. एक, पाच, दहाच्या नोटा घ्या आणि घरातल्या तीन माणसांत वाटून द्या. सगळी रक्कम एकाच्याच खिशात नको. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुदानच्या खार्टूममध्ये लढाई पेटली तेव्हाही बँका बंदच झाल्या होत्या, त्यामुळे कार्ड आणि फोनमधल्या पैशांवर विसंबू नका. मुख्य फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. कायद्याच्या मर्यादेपेक्षा जास्त रोकड असेल तर सीमेवर आणि मुंबईत उतरल्यावर सरळ जाहीर करा. लपवलेलं सापडलं तर सगळंच जाऊ शकतं.

जॉर्डनची राजधानी अम्मानहून एअर इंडियाने तेव्हा लाखाहून जास्त भारतीयांना आणलं, त्यात आम्ही चौघे होतो. पासपोर्टवरचा जॉर्डनचा शिक्का तेव्हा नुसता शिक्काच वाटला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाकडे दावे गेले, तेव्हा कुवेत कधी सोडलं हे त्याच शिक्क्याने सिद्ध झालं. कुवेत सोडावं लागलं एवढ्यासाठी ठरावीक रक्कम होती, एकट्या माणसाला २,५०० डॉलर आणि कुटुंबाला ५,०००. दुसरा कुठलाच दावा केला नसेल तर ४,००० आणि ८,०००. घरच्या सामानाचा दावा मात्र वेगळा होता आणि त्याला यादी लागत होती.

म्हणून घरी पोचल्यावर त्याच आठवड्यात बसा आणि खोलीवार लिहून काढा: काय होतं, कधी घेतलं, केवढ्याला. शक्य असेल तर आजच फोनवर घराचा व्हिडिओ काढून गावी पाठवून द्या. आम्ही यादी कितीतरी महिन्यांनी केली. फ्रिज, टीव्ही, पलंग सगळं आठवलं. ज्या शिलाई मशीनवर मी त्या नोटा शिवल्या होत्या, तेवढं लिहायचं राहून गेलं.