जावामध्ये इक्वल्स आणि हॅशकोड ओव्हरराइड कसे करावे

जावामध्ये लिहिलेला प्रत्येक क्लास, कोणाचा वारसा घेतला असे न सांगताही, ऑब्जेक्ट या मूळ क्लासचा वारस असतो. म्हणूनच इक्वल्स (दोन ऑब्जेक्ट समान आहेत का ते सांगणारी), हॅशकोड (ऑब्जेक्टसाठी एक पूर्णांक देणारी) आणि टूस्ट्रिंग (ऑब्जेक्टचे मजकुरातले रूप देणारी) या मेथड एक ओळही न लिहिता हाती येतात. पण तुमच्या क्लासमधल्या माहितीचा अर्थ त्यांना ठाऊक नसतो. म्हणून गरज असेल तिथे त्या आपल्या क्लासमध्ये नव्याने लिहायच्या, यालाच ओव्हरराइड म्हणतात.

उदाहरणासाठी ‘ठिकाण’ नावाचा क्लास घेऊ. त्यात दोन फील्ड: नाव आणि पिनकोड. (जावाला क्लासची आणि फील्डची नावे देवनागरीत चालतात.) ‘कऱ्हाड, 415110’ अशी माहिती देऊन दोन वेगळे ऑब्जेक्ट तयार केले आणि इक्वल्सने तुलना केली, तर उत्तर ‘फॉल्स’ येते. वारशाने आलेली इक्वल्स फक्त एवढेच पाहते, की दोन्ही संदर्भ मेमरीतल्या एकाच ऑब्जेक्टकडे जातात का.

आधी ‘समान’ म्हणजे काय ते ठरवा

हा निर्णय कोड लिहिण्याआधीचा आहे. केवळ पिनकोड जुळला म्हणून ठिकाण एकच ठरत नाही, कारण एका पिनकोडखाली अनेक गावे येतात. म्हणून इथे नाव आणि पिनकोड दोन्ही हवेत. थ्रेड किंवा डेटाबेस कनेक्शन यांसारख्या गोष्टींत प्रत्येक ऑब्जेक्ट स्वतंत्रच असतो. तिथे वारशातली इक्वल्सच बरोबर आहे, तिला हात लावू नका.

सही तंतोतंत जुळवा

सही म्हणजे मेथडचे नाव आणि तिच्या पॅरामीटरचे प्रकार. सर्वांत जास्त चुका इथे होतात. इक्वल्सचा पॅरामीटर ‘ऑब्जेक्ट’ प्रकारचाच हवा. तिथे ‘ठिकाण’ लिहिले, तर ओव्हरराइड होत नाही. त्याच नावाची दुसरी मेथड तयार होते, म्हणजे ओव्हरलोड. ही चूक लवकर सापडत नाही. दोन ठिकाणांची थेट तुलना केली की उत्तर बरोबर येते, चाचण्याही पास होतात. पण अ‍ॅरेलिस्ट (यादी) किंवा हॅशसेट (समान वस्तू दोनदा न ठेवणारा संग्रह) आतून ‘ऑब्जेक्ट’ घेणारी इक्वल्स बोलावतात आणि ती अजून मूळचीच असते. यादीत असलेले ठिकाण ‘नाही’ म्हणून सांगितले जाते.

उपाय सोपा आहे: मेथडच्या डोक्यावर @ओव्हरराइड लिहा. 2004 सालच्या जावा 5 पासून ही सोय आहे. सही जुळली नाही तर कम्पायलर तिथेच अडवतो. मूळ मेथड पब्लिक असल्याने तुमचीही पब्लिकच ठेवा. वारशात मिळालेला प्रवेश आकसता येत नाही.

इक्वल्सचा गाभा

क्रम असा ठेवा. दोन्ही संदर्भ एकच असतील तर लगेच ‘ट्रू’. समोरचा नल असेल किंवा त्याचा क्लास वेगळा असेल तर ‘फॉल्स’. त्यानंतरच कास्ट करून एकेक फील्ड तपासा. इंट फील्ड दोन बरोबर-चिन्हांनी, स्ट्रिंग ऑब्जेक्ट्स.इक्वल्सने, म्हणजे नाव नल असले तरी प्रोग्रॅम कोसळत नाही. डबल असेल तर डबल.कम्पेअर वापरा, कारण ‘नॅन’ (‘ही संख्या नाही’ असे सांगणारे) हे मूल्य दोन बरोबर-चिन्हांनी स्वतःशीही जुळत नाही. अ‍ॅरेसाठी अ‍ॅरेज.इक्वल्स, अ‍ॅरेची स्वतःची इक्वल्स मूळचीच असते. पैशांसाठी बिगडेसिमल वापरत असाल तर 2.0 आणि 2.00 इक्वल्सने समान ठरत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

क्लास तपासायला गेटक्लास (नेमका तोच क्लास आहे का) घ्यावे की इन्स्टन्सऑफ (तो क्लास किंवा त्याचा उपक्लास आहे का)? समजा ‘बसस्थानक’ हा ‘ठिकाण’चा उपक्लास आहे आणि त्यात फलाटांची संख्या जादा आहे. दोन्हींत इन्स्टन्सऑफ वापरले, तर ठिकाणाच्या मते बसस्थानक समान, आणि बसस्थानकाच्या मते ठिकाण असमान. अ हा ब सारखा असेल तर ब हा अ सारखा असलाच पाहिजे, हा करार इथे मोडतो. जावाच्या स्वतःच्या टाइमस्टॅम्प आणि डेट या जोडीत हाच दोष आहे. आमच्या मते क्लास फायनल, म्हणजे उपक्लास करता न येणारा, करून टाकणे उत्तम. ते जमत नसेल तर गेटक्लास. हायबरनेट (ऑब्जेक्ट डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) वापरत असाल तर मात्र जपून, कारण ते उपक्लासच्या रूपात प्रॉक्सी, म्हणजे मूळ ऑब्जेक्टचा बदली, पुढे करते आणि गेटक्लासची तुलना फसते.

हॅशकोड त्याच बैठकीत लिहा

नियम एकच: इक्वल्सने समान ठरलेल्या दोन ऑब्जेक्टचा हॅशकोड समान हवा. हॅशमॅप (किल्लीवरून मूल्य शोधणारा संग्रह) सुरुवातीला 16 खण ठेवतो आणि वस्तू कोणत्या खणात जाईल ते हॅशकोडवरून ठरवतो. हॅशकोड जुळला नाही, तर तो इक्वल्सला विचारतसुद्धा नाही. त्यामुळे नुसती इक्वल्स बदलली, की हॅशमॅपमध्ये ठेवलेले कऱ्हाड दुसऱ्या कऱ्हाडने शोधून सापडत नाही.

नावाचा हॅशकोड गुणिले 31, अधिक पिनकोड, एवढे गणित पुरते. बेरीज इंटच्या मर्यादेबाहेर गेली तरी बिघडत नाही. ऑब्जेक्ट्स.हॅश वापरले तरी चालते. ते दर वेळी एक छोटा अ‍ॅरे तयार करते, हे फक्त फार वेगवान कोडमध्ये जाणवते. इक्वल्समध्ये नसलेले फील्ड हॅशकोडमध्ये कधीही घेऊ नका.

दोन्ही फील्ड फायनल, म्हणजे नंतर न बदलणारी, ठेवा. हॅशसेटमध्ये ठेवल्यावर पिनकोड बदलला, तर वस्तू जुन्याच खणात राहते. सेट छापला की ती दिसते, पण ‘आहे का’ विचारले की नाही म्हणतो, आणि काढायला गेलात तर निघत नाही.

मराठी मजकुरातला धोका

‘कऱ्हाड’मधला ऱ्ह पडद्यावर सारखा दिसत असूनही तीन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो: ऱ हे एकच अक्षर घेऊन, र आणि त्याखाली नुक्ता असे दोन भाग करून, किंवा र, हलन्त आणि झीरो-विड्थ जॉइनर (न दिसणारे जोडचिन्ह) वापरून. स्ट्रिंगची इक्वल्स या तिन्ही वेगळ्या मानते. नॉर्मलायझर क्लासच्या एनएफसी (युनिकोडने ठरवलेल्या जोडलेल्या) रूपाने पहिल्या दोन एक होतात. तिसरी होत नाही. तिथे ‘र, हलन्त, जॉइनर’ या जागी ‘ऱ, हलन्त’ असा बदल स्वतः करावा लागतो. ही सफाई कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होतानाच, करा. केवळ इक्वल्समध्ये केली, तर हॅशकोड जुन्याच रूपावर निघेल आणि करार पुन्हा मोडेल.

टूस्ट्रिंग

न बदलल्यास लॉगमध्ये ‘ठिकाण@27973925’ असे काही येते: क्लासचे नाव आणि हॅशकोडचे सोळा-आधारी रूप. नाव व पिनकोड परत करणारी एक ओळ लिहा. पासवर्ड किंवा आधार क्रमांक त्यात घालू नका, तो लॉगमध्ये उघडा पडतो.

जावा 16 किंवा पुढची आवृत्ती असेल आणि क्लास निव्वळ माहिती वाहणारा असेल, तर रेकॉर्ड वापरा. या तिन्ही मेथड कम्पायलर देतो. जावा 8 पासून इंटरफेसमध्ये डिफॉल्ट मेथड लिहिता येतात, पण या तिघींची डिफॉल्ट आवृत्ती इंटरफेसमधून देता येत नाही, कम्पायलर नाकारतो.

तपासणी

समान माहितीची दोन ठिकाणे हॅशसेटमध्ये टाका. आकार 1 आला पाहिजे. 2 आला, तर आधी हॅशकोड लिहायचा राहिला का ते पाहा, मग इक्वल्सचा पॅरामीटर. नलशी तुलना करून ‘फॉल्स’ येते का ते पाहा. शेवटी तिन्ही तऱ्हांच्या ‘कऱ्हाड’वर हीच चाचणी चालवा.