पाचशे सीसीची टू-स्ट्रोक डर्ट बाईक: घेण्याआधी काय तपासायचं, घेतल्यावर काय सांभाळायचं

होंडा सीआर ५०० (४९१ सीसी, उत्पादन २००१ पर्यंत) आणि कावासाकी केएक्स ५०० (४९९ सीसी, २००४ पर्यंत) या गाड्या अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आजही जुन्या बाजारात मिळतात. वजन शंभर किलोच्या आसपास, ताकद साठेक हॉर्सपॉवर. मोकळ्या वाळवंटात ही ताकद कामी येते. अरुंद, दगडधोंड्यांच्या वाटेवर मात्र तीच हात आणि क्लच दोन्ही थकवते. तुमचं रायडिंग बहुतेक जंगलवाटांवर असेल तर केटीएमची ३०० सीसीची घ्या. २०१८ नंतरच्या इंजेक्शनवाल्या ३०० ईएक्ससीला बटन स्टार्टही आहे.

तरी पाचशेच हवी असेल तर इंजिन थंड असतानाच बघायला जा. आधीच तापवून ठेवलेली गाडी स्टार्टिंगचा त्रास लपवते. सिलिंडर उघडू दिला तर कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवा. वर-खाली खेळ (ढिलेपणा) अजिबात नको. आडवा थोडा चालतो. सिलिंडरच्या आत वेगळी बसवलेली नळी (लायनर) आहे की भिंतीवर धातूचा मुलामा (प्लेटिंग), हे नक्की विचारा. लायनर बोअर करता येतो (आतून कापून मोठा), प्लेटिंग उडालं तर सिलिंडर पुन्हा प्लेटिंगला पाठवावा लागतो. पिस्टन बाहेरच्या कंपन्यांचे मिळतात, पण कंपनीचे मूळ पार्ट्स दुर्मिळ होत चालले आहेत.

लीक टेस्ट मात्र टाळू नका. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून क्रँककेसमध्ये ६ पीएसआय हवा भरा. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त दाब उतरला तर साबणाच्या पाण्याने गळती शोधा. मॅग्नेटच्या बाजूचं क्रँक सील गळत असेल तर इंजिन जादा हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन सिलिंडरमध्ये पकडतो, म्हणजे जाम होतो. क्लचच्या बाजूचं गेलं असेल तर गिअर ऑइल जळतं: पांढरा धूर थांबत नाही आणि ऑइलची पातळी उतरत जाते.

दोन्ही गाड्यांना फक्त किक आहे, आणि उलटी बसली तर पाय जायबंदी होतो. मोटोक्रॉसचे बूट घातल्याशिवाय किक मारू नका. थंड इंजिनाला चोक ओढा, थ्रॉटल पूर्ण बंद ठेवा. किक हळू दाबत पिस्टन वरच्या टोकाच्या किंचित पुढे न्या, किक परत वर येऊ द्या, मग एकाच दमात तळापर्यंत मारा. अर्धवट किक हेच उलट बसण्याचं मुख्य कारण. ओव्हर झाली, म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त साचलं, तर पेट्रोल कॉक बंद करा, चोक आत ढकला, थ्रॉटल पूर्ण उघडून आठ-दहा किका मारा. तरी नाही झाली तर प्लग बदला.

नॉकिंग हा या इंजिनांचा खरा शत्रू. सीआरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८९ मिलिमीटर, म्हणजे प्लगपासून कडेपर्यंत ज्वाळेला लांब जावं लागतं. तोवर कडेचं मिश्रण आपोआप पेटतं आणि पिस्टनची कड खाल्ली जाते. खडखड ऐकू आली की थ्रॉटल सोडा. मग जास्त ऑक्टेनचं पेट्रोल वापरा, जेटिंग (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या छिद्रांची, म्हणजे जेटची, मापं) तपासा. अमेरिकन पंपावरचा ९१ आकडा भारतातल्या ९१ इतका नाही. तो आपल्याकडच्या साधारण ९५ च्या जवळ जातो. उंचीवर हवा विरळ होते, मेन जेट लहान लागतो. कडाक्याच्या थंडीत मोठा.

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळताना ३२:१ प्रमाणासाठी ५ लिटर पेट्रोलला १५६ मिली ऑइल लागतं. मापाच्या भांड्यानेच मोजा, झाकणाने नको. ‘थोडं जास्त टाकू, इंजिन सुरक्षित राहील’ हा समज घातक आहे: ऑइल वाढलं की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण पातळ होतं. प्रमाण बदललं तर जेटिंगही पुन्हा बघा.

ऑइल पेट्रोलबरोबरच येतं, म्हणून लांब उतारावर थ्रॉटल बंद करून गाडी गिअरमध्ये सोडू नका. चाक इंजिन फिरवत राहतं आणि पिस्टन कोरडा पडतो. क्लच ओढा किंवा मधूनमधून थ्रॉटल द्या. तसंही या इंजिनाला इंजिन ब्रेक जवळजवळ नाही, त्यामुळे ब्रेक पॅड लवकर झिजतात.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बचा बाऊल रिकामा करा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतला ओलावा शोषतं, पाणी तळाशी बसतं आणि पायलट जेट बुजतो.