दुखापतीनंतर पुन्हा मॅरेथॉनची तयारी? या चुका टाळा

दुखापतीतून परतताना घोळ होतो तो बहुधा पहिल्या दिवशी नाही, तर तीन-चार आठवड्यांनी, सगळं छान जमतंय असं वाटायला लागल्यावर. धावताना दम लागेनासा होतो, अंगात उत्साह असतो आणि 5 किलोमीटरचे थेट 12 होतात. हृदय-फुप्फुसं काही आठवड्यांत पूर्वपदावर येऊ लागतात. टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर) आणि हाडांना मात्र तीच ताकद परत मिळवायला महिने लागतात. हाडावर नवा ताण आला की शरीर आधी जुना भाग काढून टाकतं आणि मग नवा भरतं. मधल्या काळात ती जागा उलट नाजूक असते. त्यामुळे किती धावायचं हे श्वासावरून ठरवणं हीच सगळ्यात महागात पडणारी चूक.

दुखायचं थांबलं म्हणून धावायला लागणं

बसताना-चालताना दुखत नाही याचा अर्थ धावण्याचा ताण सोसेल असा होत नाही, कारण धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार एकट्या पायावर येतो. आधी 30 मिनिटं भरभर चालून बघा. मग पायरीवर नाही, सपाट जमिनीवर, एका पायावर उभं राहून टाच उचला. भिंतीला बोटं फक्त तोलापुरती टेकवायची, गुडघा सरळ, टाच दर वेळी तेवढीच उंच. उंची कमी व्हायला लागली की मोजणं थांबवा. अर्धवट उचललेली टाच धरायची नाही. चांगल्या पायाला 24 आणि दुखऱ्याला 13 येत असतील, तर पोटरी अजून तयार नाही. दोन्ही पायांचे आकडे जवळपास सारखे आले आणि एका पायावरच्या 10 उड्या न दुखता जमल्या, की धावायला हरकत नाही. हाडाला चीर गेली असेल तर मात्र या उड्यांच्या आधी डॉक्टरांची परवानगी हवीच.

जुन्या वेळापत्रकात मधूनच शिरणं

बुडालेले आठवडे भरून काढता येत नाहीत, ते सोडून द्यायचे. सुरुवात अशी करा: 1 मिनिट धाव, 2 मिनिटं चाल, असं 10 वेळा. दिवसाआड, आठवड्यातून तीनदा. दोन वेळा बिनतक्रार झालं की 2 मिनिटं धाव, 1 मिनिट चाल. मग 4 आणि 1. मग सलग 30 मिनिटं. वेग असा की धावताना पूर्ण वाक्य बोलता यावं. अंतर नाही, मिनिटं मोजा. घड्याळातला जुना पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, समोर दिसला की पाय आपोआप त्याच्यामागे लागतात, तेव्हा तो स्क्रीनवरून काढूनच टाका.

पुढचा क्रमही महत्त्वाचा. आधी मिनिटं वाढवा, मग चढ, आणि इंटरव्हल, म्हणजे मध्ये विसावा घेत जोरात धावण्याचे तुकडे, सगळ्यात शेवटी. एका आठवड्यात यातली एकच गोष्ट बदला. दोन एकदम बदलल्या आणि पाय दुखला, तर कशाने दुखला हे कळायला मार्ग उरत नाही. लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सगळ्यात लांब धाव, आठवड्याच्या एकूण धावण्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवा.

वेदना चुकीच्या वेळी तपासणं

टाचेमागचं टेंडन दुखत असेल तर पहिल्या किलोमीटरनंतर ते गरम होऊन मोकळं वाटतं आणि माणूस फसतो. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी, अंथरुणातून उठून टाकलेल्या पहिल्या दहा पावलांत कळतो. धावताना 10 पैकी 3 पर्यंतचं दुखणं टेंडनच्या बाबतीत चालू शकतं, पण सकाळचा आखडलेपणा रोजच्यापेक्षा वाढला असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं. अशा वेळी दोन दिवस फक्त चाला आणि एक टप्पा मागे या. महिनाभर पूर्ण विश्रांती घेण्याची गरज सहसा नसते; तिने टेंडन आणखी कमजोर होतं.

हाडाला हा 3 चा नियम लावू नका. नडगीवर किंवा पावलाच्या हाडावर बोटाच्या टोकाएवढ्या जागी दाबल्यावर कळ येते, धावता धावता वाढतच जाते, रात्री पडल्या पडल्याही ठणकते? धावणं त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांकडे जा. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ आला तरी निर्धास्त होऊ नका. अशी बारीक चीर त्यात बरेचदा दिसत नाही, एमआरआय लागू शकतो. लंगडत धावणं कुठल्याच दुखापतीत चालत नाही. वेदनाशामक गोळी घेऊन धावणंही नाही: इशारा दबतो, आणि घाम जाऊन पाणी कमी झालेलं असताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांचा मूत्रपिंडावर ताण येतो.

धावायला लागताच व्यायाम सोडणं

फिजिओने दिलेले व्यायाम नेमके इथेच सुटतात, आणि भार तर आत्ताच वाढत असतो. आठवड्यातून दोनदा चालू ठेवा: टाच उचलणं सरळ आणि वाकवलेल्या, दोन्ही गुडघ्यांनी, हातात वजन घेऊन 8 ते 10 चे तीन सेट. गुडघा वाकवला की पोटरीचा आतला स्नायू जास्त काम करतो, लांब धावताना सगळ्यात जास्त राबतो तोच.

शर्यतीची तारीख आधीच ठरलेली असेल तर हिशोब मांडा. सलग 30 मिनिटं आरामात धावता येऊ लागल्यापासून 42.195 किलोमीटरसाठी किमान 16 आठवडे हातात हवेत. नसतील तर अर्ध मॅरेथॉन धावा किंवा पुढची तारीख धरा, आणि हा निर्णय शर्यतीच्या आठवड्यात नाही, आजच घ्या.