जुन्या आलिशान मोटारीच्या ब्रेकचा आवाज आणि थरथर

खुलताबादहून दौलताबादकडे घाट उतरताना जुन्या मोटारीचा ब्रेक ओरडू लागला, तर चाक खोलण्याआधी आवाजाची जात ओळखावी. बारीक किंचाळणे बहुधा लायनर (ब्रेक दाबल्यावर घासणारा अस्तराचा पट्टा) चकाकून गुळगुळीत झाल्याचे किंवा ड्रममध्ये (चाकाबरोबर फिरणाऱ्या, लायनर ज्याला आतून घासतो त्या डब्यात) धूळ बसल्याचे लक्षण असते; धातूवर धातू घासल्यासारखी खरखर मात्र लायनर झिजून तो पक्का करणाऱ्या रिव्हेटची डोकी ड्रमला लागत असल्याची खूण आहे, आणि तेव्हा गाडी पुढे नेऊ नये.

चाकाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक पेडलला उसळी येत असल्यास ड्रम अंडाकृती झाल्याचा संशय घ्यावा. चाक जॅकवर उचलून, ब्रेक जेमतेम टेकेल इतपत ब्रेकचा रॉड (पेडलचा जोर चाकापर्यंत नेणारी सळई) ताणून चाक हाताने फिरवावे. दर फेरीत ठरावीक जागीच अडले, तर डायल गेजने (बारीक उंचसखलपणा मोजणाऱ्या काटेरी मापकाने) खात्री करून मगच ड्रम लेथवर कातायला द्यावा. उगाच कातलेला ड्रम पातळ होतो आणि दुसरा सहजी मिळत नाही.

ब्रेक दाबताना स्टीअरिंग थरथरत असेल, तर मोटारीचे साल पाहावे. हिस्पानो-सुइझाच्या एच 6 ला 1919 पासून चारही चाकांना ब्रेक होते, पण रोल्स-रॉइसच्या सुरुवातीच्या सिल्व्हर घोस्टला पुढे ब्रेकच नव्हते. अशा गाडीत दोष पुढच्या ब्रेकचा असूच शकत नाही, म्हणून किंगपिन (पुढचे चाक ज्यावर वळते ती खीळ) आणि स्प्रिंग आसाला आवळणारे यू-बोल्ट तपासावेत.

जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस (फुप्फुसांना अपायकारक तंतुमय खनिज) असते. ड्रममधली धूळ उडवायला कॉम्प्रेसरची हवा मारण्याची गॅरेजमधली सवय मला घातक वाटते. मास्क लावून ती धूळ ओल्या फडक्यानेच पुसावी.