उच्चार कळत नाहीत? आधी ‘येस सर’ बंद करा

बारा वर्षं जहाजावर काढून आता मालवणात शिकवण्या घेतो. माझ्याकडची निम्मी पोरं बोटीवर जायला निघालेली असतात, आणि सगळी एकाच ठिकाणी ठेच खातात: परदेशी माणसाचं इंग्रजी कळलं नाही तरी ‘येस सर’.

कुडाळकडचा एक मुलगा होता. ह्यूस्टनहून फोन आला. पलीकडचा म्हणाला, ‘वी कॅन्ट टेक यू धिस मन्थ.’ याने ऐकलं ‘कॅन’. ‘येस सर, थँक्यू सर’ करून रात्रीची कोकणकन्या पकडली. सोबत आईने दिलेलं दोन किलो कुळथाचं पीठ. मुंबईच्या ऑफिसात याचं नावच नव्हतं. तिसऱ्या दिवशी पिठासकट परत.

अमेरिकन माणूस ‘कॅन्ट’मधला ट बहुतेक वेळा घशातच अडवतो, त्यामुळे तो शोधत बसू नका. जोर कुठे पडतोय ते ऐका. होकार असेल तर ‘वी कन् टेक यू’, सगळा जोर ‘टेक’वर. ‘कॅन’ लांब आणि ठसठशीत आला की नकार समजा. तसंच ‘थर्टी’चं होतं ‘थर्डी’, ‘थर्टीन’चा ट मात्र कडकच राहतो.

एवढं करूनही शंका उरतेच. म्हणून तर सुकाणू धरणारा प्रत्येक हुकूम मोठ्याने परत म्हणतो. रेडिओवर १५० म्हणजे ‘वन फाइव्ह झीरो’, एकेक आकडा सुटा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये मंजूर केलेल्या, जहाजावर बोलायच्या ठरावीक इंग्रजी वाक्यांत हा नियमच आहे. (सुकाणूचा कोन पंधरा असेल तर तेवढा सरळ ‘फिफ्टीन’. तिथे ‘फिफ्टी’शी, म्हणजे पन्नासाशी, गोंधळ कुठला, सुकाणू साधारण पस्तीस अंशांच्या पुढे वळतच नाही.) मी अजूनही फोनवर ‘सो, यू मीन नो?’ असं विचारून घेतो. लाज कसली? पुण्याचा पाहुणा ‘खंय चललंस?’ ऐकून नुसता हसला, की त्याला ओ का ठो कळलेलं नाही हे आपण ओळखतोच ना?

दुसरी चूक, फक्त अमेरिकन क्लिपा ऐकणं. बोटीवर बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, निघतो फिलिपिनो, आणि ‘कॉफी’ला ‘कॉपी’ म्हणतो. आठवडाभर एकाच मुलखातला एकच माणूस ऐका, रोज दहा मिनिटं, आणि कुठला स्वर सरकलाय ते पकडा. उत्तर इंग्लंडातला ‘कप’ ‘कुप’कडे झुकतो, न्यूझीलंडचा ‘टेन’ आपल्या कानाला ‘टिन’ वाटतो. ‘माका’ म्हणजे ‘मला’ हे कळलं की ‘तुका’ कोणाला विचारावं लागत नाही, तसंच हे.

वेग पाऊण करून ऐकू नका, गिळलेला ट त्याने परत येत नाही. सबटायटल तिसऱ्या खेपेला. स्कॉटिश माणसाशी स्कॉटिश हेल काढून बोलू नका, त्याला टिंगल वाटते.

आणि ‘सर, किती दिवसांत जमेल?’ असं पहिल्याच दिवशी विचारणाऱ्याला मी चहा पाजून घरी पाठवतो.