‘म्लेच्छ’ हा शब्द समोर आला की काय करायचं

गेली बरीच वर्षं मी संस्कृत शिकवते. अनुवादाच्या वह्या तपासताना एक चूक सारखी भेटते: ‘म्लेच्छ’ दिसला की मुलं डोळे झाकून ‘मुसलमान’ लिहितात. एका मुलीने गुप्त राजा स्कंदगुप्ताच्या जुनागढच्या शिलालेखातल्या ‘म्लेच्छदेशेषु’चं ‘मुसलमानांच्या देशांत’ केलं होतं. बाकीचा अनुवाद सुरेख होता. मी वहीच्या समासात एवढंच लिहिलं: लेखाचं साल बघ. लेख इसवी सन 455 ते 458 च्या सुमाराचा आणि इस्लामचा उदय सातव्या शतकातला. तिने सगळी वही परत तपासली.

म्हणून पहिलं काम म्हणजे सालाकडे बघणं. मग बोलणारा कोण आणि कोणाबद्दल बोलतोय, ते बघा. या शब्दाला ठरलेला असा एकच माणूस नाही. कधी यवन म्हणजे ग्रीक, कधी शक, कधी हूण, पुढे तुर्क आणि अफगाण, नंतर फिरंगीसुद्धा. मनुस्मृतीत तर तो भूगोलच आहे. काळवीट जिथे आपसूक फिरतं तो यज्ञाला योग्य देश आणि त्यापलीकडचा तो म्लेच्छदेश.

मुळात हा शब्द कानाचा आहे, आणि मला तो आवडतो तो यासाठीच. धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ रूपांच्या यादीत, ‘म्लेच्छ्’चा अर्थ दिलाय ‘अव्यक्ते शब्दे’, म्हणजे अस्पष्ट बोलणं. पतंजलीने महाभाष्य या व्याकरणग्रंथाच्या सुरुवातीलाच असुरांची गोष्ट सांगितली आहे. ‘हे अरयः’, अहो शत्रूंनो, असं म्हणायचं तर ते ‘हेलयो हेलयः’ म्हणाले आणि हरले. ‘र’चा ‘ल’ झाला, एवढाच त्यांचा गुन्हा! पुढचं वाक्य वर्गात मी दोनदा म्हणून घेते: ‘म्लेच्छो ह वा एष यदपशब्दः’. अपशब्द, म्हणजे शिवी नव्हे तर अशुद्ध शब्द, हाच म्लेच्छ. इथे म्लेच्छ म्हणजे माणूससुद्धा नाही, चुकलेला उच्चार आहे. ग्रीकांचा ‘बार्बारोस’ही असाच परक्यांच्या बडबडीवरून आला.

हे मनात पक्कं असलं की अवघड जागा सुटतात. महाभारतात लाक्षागृहाचा डाव विदुर युधिष्ठिराला म्लेच्छभाषेत सांगतो, तिथे ‘रानटी भाषेत’ असं लिहू नका. आजूबाजूच्यांना कळू नये म्हणून वापरलेली ती बोली आहे, आणि दोघांनाही ती येते. चौसष्ट कलांमधला ‘म्लेच्छितविकल्प’ म्हणजे सांकेतिक बोलणं-लिहिणं. आणि ज्योतिषी वराहमिहिराचा श्लोक आला की ‘असंस्कृत’ हा शब्दही चालत नाही. तो म्हणतो, यवन म्लेच्छ खरे, पण ज्योतिषशास्त्र त्यांच्याकडे नीट रुजलेलं आहे, म्हणून तेही ऋषींसारखे पूजले जातात.

लिहायचं कसं? प्रमाण मराठीत ‘म्लेच्छ’, अनुस्वार नाही. जुन्या पोथ्या-बखरींत ‘म्लेंच्छ’, ‘म्लेंछ’ सापडेल. उतारा देताना तो तसाच ठेवा, सुधारू नका. अनुवादातही मी मूळ शब्दच ठेवायला सांगते आणि तिथे कोण अभिप्रेत आहे ते टिपेत लिहायला लावते.

स्वतःच्या वाक्यात, आजच्या कुणा माणसाबद्दल किंवा समाजाबद्दल मात्र हा शब्द वापरू नका. ती शिवी आहे. ऐतिहासिक लेखनातही ‘म्लेच्छांनी हल्ला केला’ असं लिहिलंत की बखरकाराचा राग तुमच्या तोंडी जातो. ‘बखरकार ज्यांना म्लेच्छ म्हणतो’ असं लिहा, किंवा सरळ नाव घ्या: आदिलशाही फौज, मुघल, पोर्तुगीज.

आणि धातूंच्या किंवा औषधांच्या यादीत ‘म्लेच्छमुख’ दिसलं तर तोंड शोधत बसू नका. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात ते तांब्याचं नाव आहे.